बारा बैल होतो

'आमच्या घरात तेव्हा बारा बैल होतो.'

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, फॉन्ट बिघडला. दोन हजार चार साल होतं आणि त्या काळी मराठी फॉन्ट ऊठसूट बिघडायचे. एका कॉम्प्युटरवर लिहिलेलं दुसऱ्यावर उघडलं की काना एकीकडे आणि वेलांटी भलतीकडेच. पण बाकीचं पान तर ठीकठाक दिसत होतं. मी खाली वाचत गेले. 'आजोबा फार तापट होतो.' त्याच्या खाली, 'पावसात रस्ते बंद होतो.' मग गोष्टीत आजोबासो चौगुले नावाचे एक गृहस्थ आले. अप्पासो नावाची माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतात. आजोबासो अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात शोधला तरी मिळायचा नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ तळपायाची आग मस्तकाला गेली. हे आमच्या अक्कांचं लिखाण होतं. मी स्वतः, या हातांनी टाइप केलेलं. अक्का बाई, म्हणून त्यांनी लिहिताना 'मी होते' लिहिलं होतं. उचलणारा पुरुष, त्याला 'मी होतो' पाहिजे होतं. त्यानं कॉम्प्युटरला एकदाच सांगून टाकलं असणार, की जिथं 'होते' दिसेल तिथं 'होतो' कर, आणि अक्कांचे वडील 'अप्पा' ते त्याचे आजोबा, म्हणून 'अप्पा' दिसेल तिथं 'आजोबा' कर. कॉम्प्युटर हुकमाचा ताबेदार. त्यानं बैलसुद्धा सोडले नाहीत.

पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत होतं, 'तेरदाळे घराण्याचा इतिहास. संशोधन व लेखन: संगमेश तेरदाळे, न्यू जर्सी. सर्व हक्क सुरक्षित.' ते शेवटचे तीन शब्द वाचून मी माउस असा आपटला की शेजारच्या टेबलावरच्या शालूबाई दचकल्या. मी पतसंस्थेत काम करते आणि जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर हे सगळं बघत होते. 'काय झालं?' म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'चोरी झाली.' त्या बिचाऱ्या आधी तिजोरीकडे बघायला लागल्या.

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची हिंमत आमच्या घरात कोणाला झाली नाही. मंगळवार पेठेतल्या शाळेत जन्मभर मुलांना शिकवलं आणि त्र्याण्णव साली निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर बायका काशी करतात, अक्कांनी गावं करायला सुरुवात केली. तेरदाळ्यांचं गोत जिथं जिथं पसरलं होतं तिथं एस.टी.नं जायचं, म्हाताऱ्या बायकांच्या पुढ्यात बसायचं आणि 'सांग बघू' म्हणायचं. जयसिंगपूरला आमची तंबाखूची वखार होती, त्यामुळे तिकडं नातं जास्त. काही जणी कानडीत सांगायच्या, काही मराठीत, आणि बऱ्याच जणी एका वाक्यात दोन्ही.

आता घराण्याची वंशावळ ही काही आम्हाला नवी गोष्ट नाही. आमच्या लिंगायत घरांत हेळवी येतात. त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं कामच ते, की बैल घेऊन दारात यायचं आणि घरातले पुरुष बापापासून खापरपणजोबापर्यंत घडाघडा म्हणून दाखवायचे. त्या नावांचा तक्ता सगळ्या भाऊबंदांकडे आहे. अक्कांना नावं नको होती. त्या नावांच्या घरात राहून गेलेल्या बायकांनी काय पाहिलं, ते हवं होतं.

आणि त्यांचे दोन नियम होते. पहिला, प्रत्येक गोष्टीखाली एक ओळ आलीच पाहिजे: 'सांगणार' आणि पुढं नाव. सांगणारी घरची असो, वखारीत तंबाखू निवडणारी असो, नाव लागणारच. 'सांगणार: तानाबाई, वखारीतल्या.' 'सांगणार: विठाबाई, थोरल्या आत्याच्या नणंद.' दुसरा नियम असा, की सांगणाऱ्याची भाषा सांगणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची भाषा लिहिणाऱ्याची. म्हणजे अक्का स्वतःचं लिहिताना शाळेतल्या पुस्तकासारखं शुद्ध लिहायच्या आणि दुसऱ्याचे शब्द आले की ते जसेच्या तसे, काना-मात्रा न हलवता.

हा दुसरा नियम टाइप करताना मला फार जड गेला, कारण मी सोलापूरची. शहाण्णव साली लग्न होऊन या घरात आले, तर पहिल्याच दिवशी दारातून आवाज आला, 'मी आलो गं!' मी पदर सावरून उभी राहिले, म्हटलं कोण पुरुष माणूस आलं. बघते तर अक्का, हातात भाजीची पिशवी. इकडं बायका 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात. महिनाभर मी तोंडाला पदर लावून हसले आणि वर्षभरात रागावले की मीही 'मी जातो माहेरला' म्हणायला लागले. माझ्या नवऱ्याला, श्रीशैलला, दोन्हीही सारखंच ऐकू येत नाही.

दोन हजार साली घरी कॉम्प्युटर आला. अक्का म्हणाल्या, "ह्या पेटीत माझं लिवलेलं बसंल का?" मी म्हटलं बसेल. वर्षभर संध्याकाळी त्या वाचून दाखवायच्या आणि मी टाइप करायचे. मग इंटरनेटवर एक फुकटची जागा मिळाली तिथं सगळं चढवलं. जिवंत असलेल्या प्रत्येक सांगणारीला अक्कांनी आधी विचारलं, की तुझं सांगणं परदेशातसुद्धा दिसेल, चालेल का. तानाबाई म्हणाल्या होत्या, "चालतंय की. फक्त माझं नाव नीट घाला, मागनं कोन इचारलं तर." त्यानंतर वर्षभरात त्या गेल्या.

आणि त्या संगमेशनं तेच नाव काढून टाकलं होतं. सगळ्यांचीच काढली होती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, 'सांगणार' ही ओळ एकाही गोष्टीखाली नव्हती.

संध्याकाळी घरी जाऊन मी हे अक्कांना सांगितलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. आधी बैलांचं वाक्य वाचून दाखवलं, तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग मी म्हटलं, "अक्का, तुमचं नाव कुठंच नाही."

"नसू दे. माझं नाव काय लोणच्याला लावायचं हाय?"

"सांगणाऱ्यांचीही नाहीत."

त्यांचा हात थांबला. "तानाबाईचं?"

"नाही."

"इठाबाईचं?"

"एकीचंही नाही, अक्का."

त्यांनी लसणीचं ताट बाजूला सरकवलं. "त्या बाईला मी शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "माझं काढलं तर काढू दे, मी जिती हाय, मी भांडीन. ती कशी भांडणार?" मग उठून आत गेल्या आणि जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. अक्का जेवल्या नाहीत असा दिवस मी त्या घरात पाहिला नव्हता.

संगमेश हा अक्कांचा भाचा, त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. म्हणजे श्रीशैलचा चुलत भाऊ आणि माझा दीर. त्याची आई, शांतव्वा, तो 'अव्वा, अव्वा' करत तिच्या मागं फिरायच्या वयाचा असताना बाळंतपणात गेली. मामानं त्याला पुण्याला नेलं, इंग्रजी शाळेत घातलं, तो शिकून अमेरिकेला गेला. वडीलही पुढं वारले. आमच्याकडे तो लग्नकार्यापुरता यायचा, खुर्चीच्या कडेवर बसून चहा प्यायचा आणि जाताना सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा. वाईट माणूस नव्हता. त्याला आता घराण्याचा उमाळा आला होता. डिसेंबरात जयसिंगपूरला समस्त तेरदाळ्यांचा मेळावा भरवायचा त्यानं ठरवलं होतं. मंगल कार्यालय त्याच्या खर्चानं, जेवण त्याच्या खर्चानं आणि त्याच वेळी याच मजकुराची स्मरणिका निघणार होती. एकदा ती छापून घरोघरी गेली की तानाबाई कायमची पुसली जाणार, हे अक्कांना कळत होतं आणि मलाही.

मी गल्लीतल्या अंबादास वकिलांकडे गेले. अक्का नको नको म्हणत माझ्या मागून आल्याच.

वकिलांनी दोन्ही पानांचे छापील कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बैलांवर हसून घेतलं. मग म्हणाले, "हे बघा वैनी, कोन कुणाचा मुलगा, कधी जन्मला, कधी मेला, ही माहिती कुणाच्या मालकीची न्हाय. तुमची बी न्हाय, त्याची बी न्हाय. तक्ता त्यानं खुशाल छापावा. पर ती गोष्ट ज्या शब्दांत लिवली ते शब्द लिहिणाऱ्याचे. इंटरनेटवर फुकट दिसतंय म्हणून ते सार्वजनिक होत न्हाय. आनी लेखक म्हणून आपलं नाव लागावं, आपल्या लिखाणाची मोडतोड होऊ नये, हा हक्क आणखी निराळा. नोटीस धाडू?"

"आणि ज्यांनी तोंडानं सांगितलं त्यांचं काय?" अक्कांनी विचारलं.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "ते जरा अवघड हाय. कायदा लिहिणाऱ्याला बघतो."

"मग तुमचा कायदा अर्धाच हाय," अक्का म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या. नोटीस राहिली. भाच्याला कोर्टाचा कागद पाठवायला त्यांचा जीव होईना.

मी मात्र ईमेल पाठवली. गोड लिहायचं ठरवलं होतं, पण माझ्या बोटांना ते जमलं नाही. चार दिवसांनी उत्तर आलं, इंग्रजीत. आपण सगळे एकाच घराण्याचे आहोत, इतिहास सगळ्यांचा असतो, मी 'कुटुंबातील ज्येष्ठांचे आभार' अशी ओळ घातली आहेच, अक्कांनी गैरसमज करून घेऊ नये, स्मरणिका छापायला गेली आहे, प्रत्यक्ष भेटीत बोलू. ज्येष्ठांचे आभार! म्हणजे घरादाराचा स्वयंपाक करून जेवायला वाढणाऱ्या बाईचं नाव न घेता 'स्वयंपाकघराचे आभार' म्हणण्यासारखी गत. मी श्रीशैलला म्हटलं, या माणसाला मी दारात उभं करणार नाही. श्रीशैल म्हणाला, तो शनिवारी येतोय, सोबत पेढे आणतोय.

तो आला. पेढे होते, माझ्या मुलीला बाहुली होती आणि काखेत स्मरणिकांचा गठ्ठा होता, छापखान्यातून आणलेला. अक्का मंडईत गेल्या होत्या. मी चहा ठेवला, पण साखर घालताना हात आखडला हे कबूल केलं पाहिजे.

"भाऊजी," मी कप समोर ठेवत म्हटलं, "हे बारा बैल होतो, ते कोण कोण होता तुम्ही?"

त्याला आधी कळलं नाही. मी पान उघडून दाखवलं. त्याचे कान लाल झाले. "ही सॉफ्टवेअरची चूक आहे."

"सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं 'होते'चं 'होतो' केलं?"

"छापखान्यानंही सांगितलं नाही."

नंतर आम्हाला कळलं, की छापखानेवाल्यांना वाटलं, कोल्हापूरकडची माणसं असंच बोलत असतील.

त्यानं कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "वहिनी, मी तिकडं मुलांना सांगायला बसतो, की आपलं गाव, आपली वखार. आणि माझ्याकडे सांगायला काहीच नसतं. पुण्याच्या आधीचं मला काही आठवत नाही. अक्कांचं वाचलं, त्यात प्रत्येक ठिकाणी 'मी' होतं. मी बघत होते, मी ऐकत होते. मला वाटलं, ते 'मी' आपलं असतं तर." मला त्याचा राग होता तो तसाच होता, पण त्याच्या कपात मी आणखी अर्धा चमचा साखर घातली.

"आणि 'सांगणार'च्या ओळी?"

"त्या वाचताना मध्ये मध्ये येतात. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्या शब्दानं सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी एका झटक्यात निघाल्या."

"काढायच्या आधी वाचल्या होत्या?"

"नाही. मी गोष्टी वाचत होतो."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी आलो गं! कोण पावणं आल्यात, गाडी हाय बाहेर?"

संगमेशनं कोण पुरुष आलाय म्हणून दाराकडे वळून पाहिलं, आणि आत अक्का आल्या. तो उठला, वाकून पाया पडला. अक्कांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, जरा जास्तच वेळ ठेवला, आणि मग त्याच हातानं एक धपाटा घातला. "माझं 'मी' घेतलंस ते घे, तुला दिलं. माझ्या बायका कुठं हाईत? ज्यांनी सांगितलं त्या?"

"अक्का, पुढच्या आवृत्तीत नक्की…"

"पुढचं पुढं. दाव बघू काय छापलंयस."

त्यानं एक स्मरणिका दिली. कागद गुळगुळीत, कव्हर रंगीत. त्यावर एका चित्रकाराकडून खास काढून घेतलेलं चित्र होतं. फुगलेला ओढा, त्यात छातीएवढ्या पाण्यात फेटा बांधलेला, मिशाळ गडी, पाठीला बांधलेलं लहान पोर आणि मुठीत म्हशीचं शेपूट. त्याच्या आवाजात पहिल्यांदा जरा जोर आला. "ही तुमच्या संग्रहातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, अक्का. 'पुरातली म्हैस'. म्हणून कव्हरवर घेतली."

अक्का चित्राकडे बघत राहिल्या. "हा फेटेवाला कोण?"

"आजोबा. गुरुपाद आजोबा. पाठीवर माझे वडील."

अक्का मोठ्यानं हसल्या. "आमचा अप्पा? अरे, अप्पाला घोटाभर पाण्याचं भ्या वाटायचं. जोतिबाला गेलो तर कुंडाच्या पायरीवर सुदिक उतरायचा न्हाय!" हसता हसता त्या पानं उलटत होत्या, आणि एका पानावर थांबल्या. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि हळूहळू उतरलं.

मी वाकून पाहिलं. त्या पानावर एका तरुण बाईचा जुना, धुरकट फोटो होता, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावर पदर. खाली छापलं होतं, 'कै. सौ. शांतव्वा तेरदाळे. यांच्याविषयी माहिती उपलब्ध नाही.'

"हे कुणी लिवलं?"

"मीच," संगमेश म्हणाला. "आईबद्दल कोणालाच काही माहीत नाही. मामाला विचारलं, जयसिंगपूरला विचारलं. तुमच्या लिखाणातही शोधलं, नावानं. माझ्या फाइलमध्ये नाव सापडलं नाही."

"तुझ्या फाइलमंदी कसं सापडंल?" अक्का म्हणाल्या. "तूच काढलंस की."

अक्कांनी कव्हर वर केलं आणि त्या फेटेवाल्यावर बोट आपटलं. "ही शांतव्वा हाय. आनी हे पाठीवरचं तू हाईस."

"नाही, अक्का," तो म्हणाला, भांडत नव्हता, विनवत होता. "मी ती गोष्ट पाठ केलीय. 'पाण्यात शिरलो' असं आहे. 'पलीकडं गेलो' असं आहे. शिरले नाही, गेले नाही. कोणीतरी पुरुष बोलतोय."

"मगाशी दारातनं मी काय म्हटलं?"

"'मी आलो…'" तो म्हणाला आणि तिथंच थांबला.

"मग मी काय बाप्या हाय?"

मी उठून कॉम्प्युटर लावला. आमचं ते जुनं पान उघडायला नेहमीसारखा वेळ लागला, मोडेम किंचाळला, मग एकेक ओळ वरून खाली येत गेली. अक्का पडद्याकडे बघत नव्हत्या. त्यांना वाचायची गरज नव्हती. खुर्चीवर बसून, डोळे मिटून त्या म्हणत होत्या आणि पडद्यावर तेच शब्द होते.

"पोराचा घसा धरलेला. श्वास घरघर वाजत हुता. डॉक्टर पल्याड जयसिंगपुरात. घरची सगळी म्हणाली, पाणी उतरू दे, मग बघू. मी म्हटलं, पाणी उतरंस्तवर हे ऱ्हातंय व्हय? कुणाला इचारलं न्हाय. पोराला पाठीशी बांधलं, म्हशीला ओढ्यात घातलं, शेपूट धरलं आन् पाण्यात शिरलो. मधी एकदा पाय सुटला. म्हस काय थांबली न्हाय. पलीकडं गेलो तवा पोर रडाय लागलं. मला लई बरं वाटलं. रडतंय म्हंजे हाय."

अक्कांनी डोळे उघडले. पडद्यावर शेवटची ओळ आली होती. 'सांगणार: शांतव्वा, संगमेशची आई.'

संगमेश खुर्चीच्या कडेवर बसला नव्हता, खाली फरशीवर बसला होता. कधी बसला ते मला कळलं नाही. त्यानं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली असावी, ओठ हलत होते. मग त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या दिला, तर तो हातात धरून तसाच बसला. इतके दिवस मी या माणसाला काय काय बोलायचं ते मनात रचून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य मला आठवेना. आपल्याच आईला त्यानं एका झटक्यात काढून टाकलं होतं, आणि मग तिच्या फोटोखाली लिहिलं होतं, माहिती उपलब्ध नाही.

तांब्या खाली ठेवून तो म्हणाला, "ती असं बोलायची? 'शिरलो' असं?"

"मग कसं बोलंल? हितलीच की," अक्का म्हणाल्या. "मला ती लई येळा सांगायची हे. मी एक शब्द हिकडचा तिकडं केला न्हाय. तिचंच राहू दिलं."

मेळाव्याला आठवडा उरला होता. स्मरणिका पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी म्हटलं, शुद्धिपत्र काढू, आणि कागद घेऊन बसले. पहिली ओळ मी माझ्या मनानंच घातली, 'या स्मरणिकेतील सर्व गोष्टींचे लेखन अक्कांचे आहे.' संगमेशनं ती वाचली, माझ्या हातातून पेन घेतलं आणि पुढं स्वतः लिहिलं, 'ते मी त्यांना न विचारता घेतले.' अक्का म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे, बायकांची नावं घाल." मग एकेक गोष्ट काढून, पान क्रमांक टाकून सगळ्या सांगणाऱ्या परत बसवल्या. तानाबाईंचं नाव आलं तेव्हा अक्कांनी ते अक्षर अक्षर सांगितलं, जणू संगमेशला बाराखडी शिकवत होत्या. न्यू जर्सीच्या त्याच्या पानावरही त्यानं त्याच बैठकीत सगळं दुरुस्त केलं. 'सर्व हक्क सुरक्षित' तेवढं राहिलं, आता अक्कांच्या नावापुढं.

मेळाव्याच्या दिवशी जयसिंगपूरच्या त्या मंगल कार्यालयात मसालेभाताचा वास सुटला होता आणि लाउडस्पीकर सकाळपासून खरखरत होता. बैलांची दुरुस्ती शुद्धिपत्रात होती, पण लोकांनी पुस्तक आधी उघडलं, त्यामुळे दिवसभर तेच चाललं. बाळासो काका पंगतीत ओरडून विचारत होते, "काय रं, तू कितवा बैल होतो?" संगमेशनं ते सगळं हसत सोसलं. ते त्यानं सोसायलाच हवं होतं, माझं मत विचाराल तर.

तो मात्र स्टेजवर गेला नाही. दारात टेबल मांडून बसला होता, समोर स्मरणिकांचा ढीग, डिंकाची बाटली आणि छोट्या छापील चिठ्ठ्या. शुद्धिपत्र आत घालायचंच होतं, पण कव्हरसाठी त्यानं ही चिठ्ठी वेगळी करून आणली होती, आम्हाला न सांगता. प्रत्येक प्रतीवर, त्या फेटेवाल्या गड्याच्या तोंडावर, तो ती नीट दाबून चिकटवत होता आणि मगच पुढं देत होता. अक्का आत शिरताना थांबल्या. त्यानं एक प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा चढवून वाचलं आणि मला दाखवलं.

चिठ्ठीवर लिहिलं होतं:

'हा पुरुष नाही. ही माझी अव्वा.
सांगणार: शांतव्वा.
लिहिणार: अक्का.
पाठीवर मी होतो.'

अख्ख्या पुस्तकात तेवढा एकच 'होतो' त्याचा स्वतःचा होता.